बारा अंगुळांचा शंकु

विद्यादान हा शब्द आपल्या घरांतून इतक्या सहजपणें उच्चारला जातो कीं, दान म्हटलें म्हणजे देणाऱ्याच्या पदरचें कांहींतरी खर्ची पडावें लागतें, ही गोष्ट बहुधा विसरली जाते. द्रव्य दिल्यानें घटतें, विद्या दिल्यानें वाढते, असें आपण लहानपणापासून ऐकत आलों. आणि तें खोटें नाहीं. पण विद्या देण्यांत जो वेळ जातो तो कांहीं वाढत नाहीं; आणि ज्यांच्यापुढें परीक्षा उभी आहे अशा विशीतल्या मुलामुलींपाशीं वेळाखेरीज दुसरी पुंजी ती कोणती? यास्तव विद्यापीठांत शिकणाऱ्या एखाद्या मुलीनें आपली सुटी गांवांतल्या पोरांस फुकट शिकविण्यांत घालविली, तर तिचें कौतुक करण्याआधीं घरांतील कर्तीं माणसें हिशेब मांडूं लागतात, यांत त्यांना फारसा दोष देतां येत नाहीं. आमच्या घरांत हा हिशेब २०२३ सालापासून चालू आहे व अद्याप मिटलेला नाहीं. अशीच गोष्ट पुष्कळ कुटुंबांत घडत असेल, म्हणून ती येथें सांगतों.

आमच्या वडील बंधूंची नात कोल्हापुरास शिवाजी विद्यापीठांत पदार्थविज्ञान घेऊन एम्. एस्सी. करीत होती. त्या उन्हाळ्यांत परीक्षा आटोपल्यावर ती सांगलीस आईबापांकडे न जातां थेट वडुजास आली आणि आम्हांस म्हणाली, "अण्णा, सोप्यावर रोज सकाळीं दोन तास मला जागा द्या. मुलांचे वर्ग घ्यायचे आहेत. एक तास विज्ञानाचा, एक क्रिएटिव्ह." हा दुसरा शब्द ऐकून तिच्या आजीनें, म्हणजे आमच्या वहिनींनीं, तें काय असतें असें विचारलें; तेव्हां चित्रें, मातीकाम, गोष्टी, लिहिणें असें कांहींतरी तिनें सांगितलें. वहिनी म्हणाल्या, "मग निर्मितीचा तास म्हण कीं. त्याला कशाला जीभ वळवायची?" तेंच नांव पुढें रूढ झालें.

वडूज हें खटाव तालुक्याचें कचेरीचें गांव. १९४२ च्या सप्टेंबरांत या कचेरीवर चालून आलेल्या मोर्च्यावर गोळीबार झाला व त्यांतील हुतात्म्यांमुळें गांवाचें नांव स्वातंत्र्याच्या इतिहासांत गेलें. एरवीं आमची ओळख म्हणजे कोरडा मुलूख. घाटमाथ्यावर कोसळणारा पाऊस आमच्यापर्यंत येतां येतां आटून जातो, आणि येरळा नदी मे महिन्यांत नदी म्हणून दाखवावयाची ती केवळ वाळूच्या पट्ट्यावरून. अशा गांवीं, ऐन उन्हाळ्यांत, शाळेला सुटी असतां मुलें मुद्दाम शिकावयास येतील हें आम्हांस संभवनीय वाटलें नव्हतें. पहिल्याच दिवशीं अठ्ठावीस आलीं. पांचवीपासून नववीपर्यंतचीं, सगळ्या आळ्यांतलीं. पायरीवर चपलांचा ढीग पडला, माठ दोनदां भरावा लागला, आणि वहिनींनीं "हे किती दिवस चालायचं?" असें विचारतां विचारतांच कैऱ्या उकडावयास घातल्या.

पहिले चार दिवस तिनें पुस्तक उघडलेंच नाहीं. सायकलच्या व्हॉल्व्हची बारीक रबरी नळी आणि आगपेटीच्या काड्या एवढेंच साहित्य. नळीचे पेराएवढे तुकडे करावयाचे, त्यांत दोहों बाजूंनीं काड्या खोंवावयाच्या, कीं सांधा तयार. तीन सांध्यांचा त्रिकोण केला तर तो कसाहि दाबा, हलत नाहीं. चार काड्यांचा चौकोन मात्र बोट लावतांच कलतो. त्या चौकोनांत एक आडवी काडी तिरकस घातली कीं तो ताठ होतो. सुताराचा एक मुलगा पटकन् म्हणाला, "म्हणून बाबा छपराला कैची घालतात!" शंभर वाक्यांनीं जें झालें नसतें तें त्या एका उद्गारानें झालें, त्या दिवसापासून तो मुलगा वर्गाचा पंतोजी बनला.

हा काड्यांचा खेळ तिचा स्वतःचा नव्हे. कानपूरच्या आय्. आय्. टी. मध्यें शिकून पुण्याच्या टेल्को कारखान्यांत नोकरीस लागलेले अरविंद गुप्ता यांनीं १९७८ सालीं रजा काढून मध्यप्रदेशांतील होशंगाबाद जिल्ह्यांत चाललेल्या विज्ञानशिक्षणाच्या कार्यांत कांहीं महिने घालविले, आणि त्या मुक्कामांत हा खेळ जन्मास आला. पुढें पुण्याच्या आयुका संस्थेंत, पु. ल. व सुनीताबाई देशपांडे यांच्या देणगीच्या साहाय्यानें उभ्या राहिलेल्या 'मुक्तांगण विज्ञानशोधिके'त, याच गृहस्थांनीं टाकाऊ वस्तूंपासून शेंकडों खेळणीं करून मुलांपुढें मांडलीं. एका इंजिनिअरनें नोकरींतून काढलेली थोडक्या महिन्यांची रजा कोठवर पोंचली पाहा! पुतण्याशीं पुढें जो वाद झाला त्यांत हें उदाहरण आमच्या फार उपयोगी पडलें, मात्र त्यानेंहि लगेच उत्तर केलें कीं, "अण्णा, त्यांच्या हातांत आधीं पदवी नि नोकरी होती." तें खरेंच होतें.

निर्मितीच्या तासाची कथा निराळी. तिनें मुलांस नदीवर निबंध लिहावयास सांगितलें. मराठी शाळेंत शिकलेल्या प्रत्येकास ठाऊक असलेलें नदीचें आत्मवृत्त चोवीस वह्यांत हुबेहूब उतरलें: नदी डोंगरांत जन्मली, खळखळ हंसली, दोहों तीरांवर हिरवीं शेतें फुलविलीं, शेवटीं सागरास मिळाली. भाषा शुद्ध होती, हें आम्ही मुद्दाम सांगतों. दुसऱ्या दिवशीं पहांटे ती सगळ्यांस येरळेच्या पात्रांत घेऊन गेली व म्हणाली, "आतां इथें बसून दिसेल तेंच लिहा." अर्धा तास कोणी पेन्सिल उचलीना. मग एका धनगराच्या मुलीनें लिहिलें कीं, नदींत शेळ्यांच्या खुरांचे ठसे आहेत, एक तुटलेली घागर आहे, वाळू उकरली कीं हातभर खालीं ओल लागते, आणि ती ओल कुत्र्याला आधीं कळते. आम्हीं हजारों निबंध तपासले आहेत. 'ती ओल कुत्र्याला आधीं कळते' या वाक्यापाशीं आमची लाल पेन्सिल थांबली ती थांबलीच.

तथापि पाठांतराविषयीं तिचें आणि आमचें जमलें नाहीं. "कांहीं पाठ करूं नका" हें वाक्य ती उठतां बसतां उच्चारी. आजकालच्या शिक्षणशास्त्रांत पाठांतर म्हणजे जणूं पातक होऊन बसलें आहे. अमरकोश ज्यानें लहानपणीं घोकला त्यास पुढें काव्य वाचतांना कोश हातीं घ्यावा लागत नाहीं, हें आम्हीं तिला सांगितलें; ती हंसली. परंतु पुढें सप्टेंबरांत पृथ्वीचा परीघ काढावयाचा प्रसंग आला, तेव्हां ज्या मुलांचे पाढे पक्के होते तींच मुलें भागाकार घेऊन पुढें गेलीं व बाकीचीं त्यांच्या तोंडाकडे पाहत राहिलीं. आम्हीं तिच्याकडे पाहिलें. "ठीक आहे, पाढे तेवढे पाठ असूं देत," इतकी सवलत तिनें दिली. आम्हांस ती पुरेशी वाटत नाहीं, पण असो.

हळदीचा दिवस वहिनींचा. कागदावर ओल्या हळदीचा लेप देऊन तो वाळविला होता. लिंबाच्या रसानें त्यावर कांहीं होईना. साबणाचें पाणी लागतांच मात्र तांबडे डाग उठले. अम्ल आणि अल्क हे शब्द ती फळ्यावर लिहीत असतां माजघराच्या दारांतून वहिनी म्हणाल्या, "अगं, कुंकू असंच करतात कीं. हळदीला चुना लागला कीं ती लाल होते, हें माझ्या आजीला ठाऊक होतं." मग त्या स्वतःच सोप्यावर येऊन बसल्या, आणि हळकुंडांस लिंबाचा रस व टांकणखार मुरवून कुंकू कसें करीत, याचें सगळें शास्त्र त्यांनीं मुलांस सांगितलें. सत्तरी उलटलेली, स्वयंपाकघराबाहेर फारशी न बोललेली बाई अठ्ठावीस मुलांपुढें पाऊण तास बोलली. त्या रात्रीं त्यांनीं नातीला विचारलें, "उद्यां काय आहे?" घरांतला विरोध निम्मा तेथेंच मावळला.

परंतु त्या चाळीस दिवसांत आमच्या स्वतःच्या मनांत जें घर करून राहिलें तें सांवलीचें काम. अंगणांत मध्यभागीं एक सरळ काठी रोंवून तिच्याभोंवतीं दोरीनें वर्तुळ काढलें. सकाळीं काठीची छाया लांब असते, ती आखडतां आखडतां तिचें टोक ज्या ठिकाणीं वर्तुळास शिवलें तेथें एक खूण, आणि दुपारनंतर छाया लांबत जाऊन ज्या ठिकाणीं टोक पुनः वर्तुळाबाहेर पडलें तेथें दुसरी. दोन्ही खुणा जोडल्या कीं ती रेषा बरोबर पूर्वपश्चिम. होकायंत्र नको, कांहीं नको. मुलीनें ही कृति इंग्रजी पुस्तकांतून उचलली होती. आम्हीं तिला कपाटांतून सूर्यसिद्धान्त काढून दाखविला. त्यांतील त्रिप्रश्नाधिकाराचा आरंभच या कृतीनें होतो. भास्कराचार्यांच्या लीलावतींतहि, म्हणजे ११५० च्या सुमारास, छायेच्या गणितास स्वतंत्र प्रकरण आहे. ती थक्क झाली. आणि खरें सांगावयाचें तर, जी गोष्ट आम्हीं श्लोकांत वाचली होती ती अंगणांतल्या धुळींत उमटलेली पाहून आम्हांसहि निराळाच आनंद झाला.

१० मे रोजीं तिनें मुलांस भर दुपारीं बोलाविलें. सूर्य कर्कवृत्त व मकरवृत्त यांच्या दरम्यान उत्तरदक्षिण येरझारा घालीत असतो. म्हणून या दोन वृत्तांमध्यें असलेल्या प्रत्येक गांवाच्या बरोबर माथ्यावर तो वर्षांतून दोनदां येतो. वडुजाचे अक्षांश साडेसतरा अंशांहून थोडे अधिक, तेव्हां आमच्याकडे हा योग एकदां मेच्या दहा तारखेस आणि पुनः ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यांत. ऑगस्टांत आभाळ बहुधा झांकलेलें, म्हणून मेचाच मुहूर्त साधावयाचा. दिल्लीकरांस हें आपल्या गांवीं बसून जन्मांत दिसावयाचें नाहीं, कारण दिल्ली कर्कवृत्ताच्या उत्तरेस पडली. साडेबाराला दोन मिनिटें कमी असतांना अंगणांत उभ्या केलेल्या काठीची, पेल्यांची, बाटल्यांची छाया अशी नाहींशी झाली कीं, जणूं कोणी पुसून घेतली. मुलें आपापल्या पायांकडे पाहत होतीं. एक लहानगा रडवेला होऊन म्हणाला, "माझी सांवली कुठं गेली?" आणि त्याच्या बहिणीनें त्याला एक पाय उचलावयास लावून ती तळव्याखालून काढून दाखविली.

येथवर सारें गोड. आतां हिशेबाचें.

आमचा पुतण्या, म्हणजे मुलीचा बाप, मेच्या अखेरीस येऊन दोन दिवस राहिला. माणूस समजूतदार, त्यानें आरडाओरडा केला नाहीं. तो इतकेंच म्हणाला कीं, डिसेंबरांत नेट परीक्षा आहे, तिच्या बरोबरीचीं मुलें आतांपासून शिकवण्या लावून बसलीं आहेत, आणि हिचे सहा आठवडे आगपेटीच्या काड्यांत गेले. "फुकट शिकविणाऱ्याला गांव चार दिवस बाई बाई म्हणतं. पांचव्या दिवशीं विसरतं. मग हिच्या हातांत काय?" या प्रश्नास थोरामोठ्यांचीं उदाहरणें देऊन उत्तर होत नाहीं. आम्हीं तसा प्रयत्न केला. गोपाळ गणेश आगरकर याच सातारा जिल्ह्यांतले, कऱ्हाडजवळच्या टेंभूस १८५६ सालीं जन्मलेले. दारिद्र्यांतून शिकून वर आल्यावर त्यांनीं आईस कळविलें कीं, मुलगा मोठ्या पगाराची नोकरी धरील अशी आशा बाळगूं नये. त्या पत्राचा गौरव आज शंभरांहून अधिक वर्षें चालला आहे. परंतु तें पत्र जिच्या हातीं पडलें त्या माउलीस त्या दिवशीं काय वाटलें असेल, याचा विचार किती जण करतात? पुतण्या त्या माउलीच्या जागीं बसला होता. शिवाय आगरकर आणि त्यांचे सोबती यांनीं शाळेला आयुष्य वाहिलें; डेक्कन एज्युकेशन सोसायटीच्या आजीव सभासदास वीस वर्षांची सेवा पत्करावी लागे. सुटींतले चाळीस दिवस आणि वीस वर्षें यांची तुलना करणें म्हणजे मुलीच्या डोक्यावर नसता भार देणें होय. ती महापुरुष व्हावयास निघाली नव्हती. तिला मुलांना कांहीं दाखवावयाचें होतें, एवढेंच.

आणि पुतण्याचें भाकीत बरेंचसें खरेंहि ठरलें. १० जूनला ती गेली. शाळा १५ जूनला उघडल्या. जुलैंत रविवारच्या वर्गाला अठ्ठाविसांपैकीं पांच मुलें उरलीं. व्यंकटेश माडगूळकरांची 'बनगरवाडी' (१९५५) ज्यांनीं वाचली आहे त्यांस आमच्या या माणदेशी टापूंत आलेला तो पोरसवदा मास्तर आठवेल. त्यानें वाडीसाठीं जीव ओतला, आणि शेवटीं दुष्काळानें वाडी उठली. आमच्याकडे दुष्काळ लागला नाहीं. शाळेच्या चाचण्या पुरल्या. एका मुलाच्या आईनें वहिनींना विचारलें, "बाई परत कधीं येणार?" वहिनींजवळ उत्तर नव्हतें. पाहुण्या शिक्षकाच्या कामांत हा एक क्रूरपणा असतो, आणि तो उत्साहाच्या भरांत कोणी बोलून दाखवीत नाहीं. मुलांस एकदां चव लावावयाची आणि ताट उचलून न्यावयाचें.

मग उरलें तें काय आणि कशामुळें, हें आम्हीं नीट पाहिलें. शेवटच्या आठ दिवसांत गांवच्या शाळेंतल्या दोन शिक्षिका कुतूहलानें येऊन बसत. त्यांच्यादेखत जेवढें झालें, म्हणजे काठीचें वर्तुळ, हळदीचे कागद आणि 'दिसेल तें लिहा', तेवढें पुढें शाळेंत चालू राहिलें. त्या आठ दिवसांपूर्वीं झालेलें बहुतेक सारें वाहून गेलें. त्रिकोण-चौकोन वाचले ते सुताराच्या मुलामुळें. आमचा हा अनुभव लहानसा आहे, पण होशंगाबादच्या मोठ्या अनुभवाशीं तो जुळतो. तेथें १९७२ सालीं सोळा शाळांत प्रयोगांतून विज्ञान शिकविण्यास आरंभ झाला. पुढच्या वर्षीं दिल्ली विद्यापीठांतील प्राध्यापक व विद्यार्थी आपल्या पायांनीं येऊन मिळाले. परंतु त्यांनीं वर्गावर जाऊन स्वतःच शिकवीत बसण्याचा मोह टाळला; गांवच्या शिक्षकांस जवळ बसवून त्यांच्याकडून प्रयोग करविले, शाळांस साहित्याच्या पेट्या दिल्या, महिन्याच्या महिन्यास बैठका घेतल्या. १९७८ मध्यें हें काम साऱ्या जिल्ह्याच्या माध्यमिक-पूर्व वर्गांत पसरलें आणि २००२ सालीं सरकारनें बंद करीपर्यंत तीस वर्षें टिकलें. पाहुणा कितीहि हुशार असला तरी सुटी संपली कीं तो जातो. वर्गांत राहतो तो शिक्षक. त्यालाच वगळून केलेली सेवा पाहुण्याबरोबरच गाडींत बसते.

आणखी एक गोष्ट मनांत येते ती बोलून टाकतों. विद्यार्थी फुकट शिकवावयास येतात हें पाहून शिक्षकाची रिकामी जागा भरण्याची घाई ज्याला त्याला कमी वाटूं लागते. हें होतां कामा नये. राष्ट्रीय सेवा योजना १९६९ सालीं सदतीस विद्यापीठांत सुरू झाली ती विद्यार्थ्यास समाजाची ओळख व्हावी म्हणून, गांवाचे मास्तर वांचवावे म्हणून नव्हे. आतां तर नव्या अभ्यासक्रमांत सेवेसहि श्रेयांक मिळूं लागले आहेत. मिळोत बापडे; परंतु गुणांसाठीं आलेला मुलगा आणि ओल शोधणाऱ्या कुत्र्यासारखा आपला आपण आलेला मुलगा यांतला भेद पोरांना पहिल्या तासालाच कळतो.

ती पुनः आली ती गौरीगणपतींस. २३ सप्टेंबर, विषुवदिन. दिवसरात्र समान होण्याचा क्षण त्या वर्षीं दुपारीं बारा वाजून वीस मिनिटांनीं पडला होता आणि आमच्याकडचा मध्यान्ह त्यानंतर अवघ्या चारपांच मिनिटांनीं. असा योग नेहमीं येत नाहीं. आमच्या वाचकांपैकीं ज्यांच्या घरीं जुनीं पंचांगें असतील त्यांनीं गांवोगांवच्या पलभेचें कोष्टक पाहिलें असेल. बारा अंगुळें उंचीच्या शंकूची विषुवदिनीं मध्यान्हीं जी छाया पडते ती त्या गांवची पलभा. तिला दहांनीं, आठांनीं आणि दहांच्या तृतीयांशानें गुणून चरखंडें काढतात आणि त्यांवरून लग्नसाधन होतें. ही संख्या पिढ्यान्‌पिढ्या आपण छापील घेत आलों. त्या दिवशीं गौरी उठवावयाच्या घाईंत, ढगांतून मिळालेल्या उन्हांत, पांच मुलें आणि एक शिक्षिका यांनीं ती मोजली: पावणेचार अंगुळांच्या किंचित वर. गणितानें तीन अंगुळें अठ्ठेचाळीस व्यंगुळें येते. माप घेतलें होतें त्याच धनगराच्या मुलीनें.

त्याच वेळीं कोल्हापुरांत आमच्या नातीच्या मैत्रिणीनें मीटरभर काठीची छाया मोजली. इकडेहि तशीच दुसरी काठी उभी केली होती. वडूज आणि कोल्हापूर जवळजवळ एकाच रेखावृत्तावर आहेत, दक्षिणोत्तर अंतर सुमारें १०० किलोमीटर. तिकडची छाया ३० सेंटिमीटर आली, इकडची साडेएकतीस. यावरून दोन गांवांच्या अक्षांशांतला फरक काढून त्रैराशिकानें पृथ्वीचा परीघ काढला. भास्कराचार्यांनीं गोलाध्यायांत सांगितलेली रीत हीच. उत्तर आलें सुमारें ४६ हजार किलोमीटर. खरा परीघ ४० हजार. मुलांचीं तोंडें उतरलीं. तेव्हां तिनें त्यांस दाखविलें कीं, वडुजाची छाया दोन मिलिमीटर अधिक धरली असती तर उत्तर साडेचाळीस हजारांवर येतें. दोन मिलिमीटरांनीं पृथ्वी साडेपांच हजार किलोमीटर फुगली! आणि तेवढी चूक होणारच, कारण सूर्य हा बिंदु नसून अर्ध्या अंशाचें बिंब आहे. छायेचें टोक त्यामुळें धूसर पडतें व नेमकें कोठें संपतें हें डोळ्यांस ठरवितां येत नाहीं. "मग काय करायचं?" असें सुताराच्या मुलानें विचारलें. "आणखी उंच काठी घ्यायची, नि पुनः पुनः मोजायचं." ती मुलगी मात्र कांहीं न बोलतां वहींत आपलें माप खोडून न टाकतां त्याच्या शेजारीं 'टोक दिसत नव्हतें' असें लिहीत होती. तसें लिहावयास तिला कोणीं सांगितलें नव्हतें.

डिसेंबरांत नेट परीक्षा झाली. आमची नात त्या खेपेस उत्तीर्ण झाली नाहीं. बापाचें म्हणणें, ते सहा आठवडे भोंवले. तिचें म्हणणें, दोन पेपरांची तयारीच कच्ची होती व ती मेमध्यें काय, केव्हांहि कच्चीच राहिली असती. कोणाचें खरें हें ठरविण्याचें माप आमच्याजवळ नाहीं. सध्यां ती एका महाविद्यालयांत तासिका तत्त्वावर शिकविते आणि उरलेल्या वेळांत पुनः अभ्यासास बसते. बापलेकींत या विषयावर बोलणें निघालें कीं वहिनी पानें वाढावयास घेतात.

यंदा तडजोड झाली आहे ती आठ दिवसांची. तिनें फोन करून आम्हांस बजावलें कीं, मुलांना इतक्यांत बोलावूं नका. आधीं त्या दोन बाईंना विचारा, त्यांना कोणते दिवस सोयीचे आहेत. आम्ही शाळेंत जाऊन विचारून आलों. त्यांनीं ६ ते १३ मे असे दिवस दिले, म्हणजे दहा तारीख मध्यें येते. काठी त्यांच्याकडेच आहे. वही त्या मुलीकडे असते. ती आतां बारावीला असून रविवारच्या मध्यान्हीं छाया मोजण्याचें काम तिनें धाकट्या भावास लावून दिलें आहे. वहिनींनीं बाजारांतून टांकणखार आणावयास सांगितला, तो आणून ठेवला.